बटण दाबायचं आणि पळायचं

एनिडला भीती वाटते हे कळायला मला उभा जन्म लागला. आणि कळलं कुठे, तर नॉर्वेच्या सफरीत, जहाजाच्या संडासापुढे!

एनिड माझी भावजय, माझ्या थोरल्या भावाची, आल्फची बायको. इंग्लंडच्या किनाऱ्यावर, नॉर्थ शील्ड्समध्ये आमच्या दोघींच्या घरांची परसं पाठीला पाठ लावून आहेत. मी मागच्या दारातून हाक मारली की तिला स्वयंपाकघरात ऐकू जाते, आणि तिने भांडं आपटलं की मला कळतं आज पारा चढलाय. तिची सगळी नोकरी प्राथमिक शाळेत, मुलांना दुपारचं जेवण वाढण्यात गेली. निम्मं गाव तिच्या हातचं कस्टर्ड खाऊन मोठं झालंय. अजूनही मासळीबाजारात एखादा दाढीवाला बाप्या तिला लांबून बघितलं की हातातली सिगरेट पाठीमागे लपवतो.

एकदा शाळेत पिठाच्या डब्यात उंदीर निघाला. बाकीच्या बाया किंचाळत टेबलावर चढल्या. एनिडने झाकण लावलं, डबा काखेत मारला, बाहेर नेऊन उपडा केला, हात धुतले आणि पुन्हा वाटाणे वाढायला उभी राहिली. वर म्हणाली, "त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

हे तिचं पालुपद. तिची लेक कर्स्टी पहिल्यांदा बाळंत होत होती तेव्हा तिला हेच. माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता, मी रडकुंडीला आले होते, तर ही बाई माझ्या कोटाची बटणं लावत म्हणते, "विनी, त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" मनात आलं, डॉक्टर, आधी हिचाच काढा. आणि आल्फ गेला त्या दिवशीही दवाखान्यातून घरी येऊन तिने आधी सिंकमधली भांडी घासून काढली. मी मेली टेबलाशी बसून धाय मोकलून रडत होते आणि ही फडक्याने बशा पुसत होती. तेव्हा वाटलं, काय दगड आहे ही!

तर आता जहाजाचं सांगते. कर्स्टीला दुसरं मूल झालं, मुलगा, आल्बी. थोरली एफी तीन वर्षांची. आल्बी रात्रभर जागायचा आणि एफी पहाटेच उठून नाचायची. एके दिवशी एनिड लेकीकडे गेली तर कर्स्टी दारासमोर गाडीत बसलेली. इंजीन बंद, मागे दोन्ही पोरं झोपलेली, आणि हिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. कितीतरी वेळ तशीच बसली होती म्हणे. शेजारीण दोनदा काचेवर टकटक करून गेली होती. एनिडने विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणाली, "काही नाही, पोरं उठतील म्हणून."

एनिड घरी आली ती तडक माझ्या मागच्या दारात. "विनी, बॅग भर. सगळे मिळून जहाजाने नॉर्वेला जाऊ. तिथे पोरांना सांभाळायला क्लब असतो, तान्ह्यांसाठी पाळणाघर असतं. माझ्या लेकीला आठवडाभर झोपलेली बघायचीय मला. बाकी काही नको."

"आणि मी कशाला?"

"केबिन दोघींची मिळते. एकटी काय भिंतीशी बोलू?"

झालं. टाइन नदीच्या मुखातून जहाज निघालं तेव्हा धक्क्यावर उभी माणसं रुमाल हलवत होती, आणि एनिड त्यांच्याकडे पाठ करून मुलांचा क्लब शोधत होती.

क्लबची मुख्य नेरिस नावाची वेल्सची बाई. बोलणं गोड, पण नियमाला पक्की. ती म्हणाली, "तीन वर्षांपुढची मुलं आम्ही घेतो, पण डायपर सुटलेलं हवं. एखाद्या वेळी चड्डीत झाली तर आम्ही समजून घेतो. पुन्हा झाली तर मात्र आईवडिलांना कळवावं लागतं, आणि मूल त्यांच्याकडे परत. बाकीच्या मुलांसाठी करावं लागतं हो."

"हिचं ईस्टरलाच सुटलंय," कर्स्टी म्हणाली.

"मी मोठी आहे," एफी कमरेवर हात ठेवून म्हणाली. आणि खरंच होतं ते. घरी पोरगी स्वतः जायची, स्वतः उतरायची आणि शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवायची.

मुलाला घ्यायला येणाऱ्याने एक ठरलेला शब्द सांगायचा, म्हणजे भलत्याच्या हाती मूल जात नाही. शब्द एफीने निवडला, "डुक्कर." मग नेरिसने एक छोटा फोन दिला, मुलाला काही झालं तर वाजणारा. कर्स्टीने हात पुढे केला, पण त्याआधीच एनिडने तो आपल्या पर्समध्ये टाकला होता. "तू झोप. एफीची खाट आमच्या केबिनमध्ये, एफीचा फोन माझ्याकडे. आठवडाभर तुला काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही."

इथवर सगळं छान. त्याच दुपारी घात झाला, आणि तो केला जावयाने.

रॉस सहा फुटी गडी, स्वभावाने लोणी. कर्स्टी आल्बीला घेऊन पाळणाघरात गेली होती, एफीला लागली म्हणून हा तिला आमच्या केबिनच्या संडासात घेऊन गेला. तिथे चांगलं ठसठशीत लिहिलंय, बसलेलं असताना बटण दाबू नका. पण पोरगी बसलेली असतानाच याने मदत म्हणून बटण दाबलं. जहाजाच्या संडासाला घरच्यासारखं पाणी नाही हो, तो सगळं ओढून घेतो, आणि ओढताना असा काही गर्जतो की भिंत हादरते. एफीने जी किंकाळी फोडली ती मला जिन्यापर्यंत ऐकू आली. धावत आले तर पोरगी पडद्याला लटकलेली, आणि रॉस पांढराफटक.

"आत्या, चुकून झालं," तो मला म्हणाला. लग्नापासून तो मला आत्याच म्हणतो.

"अरे मेल्या, धंद्याने तू प्लंबर ना? बटण कधी दाबावं एवढं कळू नये?"

"कर्स्टीला सांगू नका हां."

त्या क्षणापासून एफी संडासाच्या दाराच्या आत पाऊल टाकीना. क्लबमधल्या छोट्या संडासातही नाही, कारण तोही तसाच ओरडतो. बरं, डायपर बांधू म्हटलं तर, "मी मोठी आहे!" म्हणजे बसणारही नाही आणि बांधणारही नाही. शू ती कशीबशी अंघोळीच्या वेळी शॉवरखाली उरकायची, पण शीचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी भर समुद्रात फोन वाजला. रंगकाम करता करता चड्डीत शू झाली होती. एनिड कोरडे कपडे घेऊन गेली, "डुक्कर" म्हणाली, पोरीला पुसून-बदलून परत आली. नेरिस फक्त एवढंच बोलली, "ही एक झाली, आजी."

वर डेकवर कर्स्टी आरामखुर्चीत झोपली होती. तोंड उघडं, एक चप्पल पायात, एक खाली, गालावर खुर्चीच्या पट्ट्यांचे वळ. महिनोन् महिने तिला अशी पाहिली नव्हती मी. बघून गलबलून आलं.

"एनिड, तिला सांगून टाक," मी म्हणाले.

"खबरदार! तिच्या कानावर गेलं की ती उठेल, दोन्ही पोरांना काखोटीला मारून केबिनमध्ये जाऊन बसेल. मग हे जहाज कसलं, ती गाडीच झाली. नाही विनी. ताकास तूर लागू द्यायची नाही."

मग आमच्या खटपटी सुरू झाल्या. मी चॉकलेटची लाच दिली, पोरीने चॉकलेट खाल्लं आणि दारातून परतली. रॉसने संडासाला कागदाचे डोळे आणि हसरं तोंड चिकटवलं. त्याने तर आणखी घोळ केला, आता संडासाला तोंडही आलं! एनिडचं आपलं एकच, "एफी, त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

"ते ओरडतं," एफी म्हणायची आणि गुडघे घट्ट मिटायची. मी केबिनमध्ये बटण दाबलं की ही उशीखाली.

तिसऱ्या दिवशी जहाज फ्योर्डमध्ये, उंच कड्यांमधल्या अरुंद खाडीत शिरलं. सगळे कठड्याला टेकून धबधबे बघत होते. पाच वाजता मुलांचं संध्याकाळचं जेवण असतं, तिथे एफीने फिश फिंगर्सची बशी ढकलून दिली. आवडीचे फिश फिंगर्स! पोरीने हिशेब केला होता, खाल्लं की पुढचं आलंच. पोट हाताला टणक लागत होतं. पण एनिडच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मला त्या तोंडाचा असा राग आला म्हणून सांगू!

चौथ्या दिवशी दुपारी मी बिंगो खेळायला निघाले आणि चष्मा विसरला म्हणून परत आले. दार उघडलं आणि तिथेच थिजले.

संडासाचं दार उघडं. एनिड बाहेर, पार पलंगाला टेकून उभी. डोक्याभोवती कानांवरून टॉवेल गुंडाळलेला, डोळे गच्च मिटलेले. हातात माझी लांब छत्री, आणि तिच्या टोकाने ती चाचपडत भिंतीवरचं बटण शोधतेय. टोक लागलं. खालून गर्जना झाली. एनिडने छत्री टाकली आणि अशी मागे पळायला गेली की पलंगावर माझ्या नाइटगाऊनवर उताणी पडली.

मी इतकी हसले की खाली बसावं लागलं. "अगं बाई! म्हणून रोज चार मजले चढून वरच्या संडासात जात होतीस होय? मी म्हणतेय, वाऱ्याला जाते बिचारी!"

"वरचे आज धुवायला बंद आहेत," एनिड टॉवेलच्या आतून म्हणाली. "आणि हसायला काय झालं? ओरडतं ते."

अगदी एफीचेच शब्द. माझं हसू थांबलं.

"एनिड, तू घाबरतेस?"

ती उठून बसली. टॉवेल काढून त्याची नीट घडी घातली. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी बसलेली असताना माझाच हात लागला त्या बटणाला. रॉसच्या आधी. जीव गेला असं वाटलं."

"मग एफीला सांग की हे! पोरगी तीन दिवस एकटी घाबरतेय!"

"मी? पोरीसमोर?" ती उसळली. "मीच घाबरले म्हटल्यावर तिने कोणाकडे बघायचं? कोणीतरी न घाबरणारं नको का? आल्फ गेला तेव्हा कर्स्टी बारा वर्षांची होती. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती ती, विनी. मी जरा जरी हलले असते ना, तर ती कोसळली असती. म्हणून भांडी घासली. पुढे वर्षभर दिवा लावून झोपत होते मी, खोलीतल्या त्या रिकाम्या बाजूची भीती वाटायची. सकाळी ती उठायच्या आत दिवा मालवायचा."

पाठीला पाठ लावून घर माझं. तो दिवा मला दिसायचा. मला वाटायचं वाचत बसते. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तिचा हात धरला. तो गार पडला होता.

तेवढ्यात फोन वाजला.

"आजी, जरा लवकर या," नेरिसचा आवाज. "एफीचं पोट दुखतंय. कोणाला जवळ येऊ देत नाहीये."

आम्ही निघालो. एनिड पुढे, मी मागे. छत्री तिच्या हातात तशीच राहिली होती, तिचं तिलाच भान नव्हतं. क्लबच्या दारात ती "डुक्कर!" अशी ओरडली की तिथल्या एका बापाने वळून पाहिलं.

एफी रंगकामाच्या टेबलाखाली बसली होती. गुडघे पोटाशी, चेहरा लाल, डोळ्यांतून धार. बाकीची पोरं भोवती उकिडवी बसून बघत होती. नेरिसने आम्हाला हळूच सांगितलं, "असंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवावं लागेल, आणि मग आईला बोलवावंच लागेल. मला टाळता येणार नाही."

एनिडचे गुडघे बरे नाहीत. तरी ती जमिनीवर बसली, मग कोपरांवर आली आणि टेबलाखाली डोकं घातलं. मला वाटलं आता पालुपद येणार. आलं नाही.

"एफी," ती म्हणाली, "आजीला त्या संडासाची भीती वाटते."

एफीचं रडणं मध्येच तुटलं. "तुला?"

"मला. फार. ते ओरडलं की मी पळते."

"पण तू मोठी आहेस."

"मोठ्यांनाही वाटते. मी कोणाला सांगितलं नव्हतं. ही बघ छत्री. मी लांबून बटण दाबते आणि पळते. विनीआत्याला विचार, मघाशी मी पलंगावर कशी पडले ते."

"उताणी पडली," मी साक्ष दिली. "पाय वर!"

एफीने नाक पुसलं. आजीकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं. मग टेबलाखालून रांगत बाहेर आली, उभी राहिली आणि एनिडचं बोट धरलं. "चल आजी. मी आहे ना. घाबरू नको हां. मी सांगितल्याशिवाय बटण दाबायचं नाही."

"नाही दाबत."

"कान झाक."

"एक हात तुझ्या हातात आहे, एकच कान झाकता येईल."

"बरं, एकच झाक."

क्लबचा छोटा संडास, छोटी बैठक, दार सताड उघडं. एफी बसली. दारात एनिड एका कानावर हात ठेवून, दुसरा हात नातीच्या मुठीत. "आजी, तू रडू नको हां," आतून सूचना येत होत्या. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. नेरिस, मी, हातांना रंग फासलेली डझनभर पोरं. एवढी शांतता मी चर्चमध्येही ऐकलेली नाही.

आणि झालं. अगदी सगळं झालं. माझा जीव असा भांड्यात पडला की मी समोरच्या चिमुकल्या खुर्चीवर धप्पकन बसले आणि तिच्यातच अडकले.

मग दोघींनी मिळून छत्री धरली. एफीने हुकूम सोडला, "बटण दाबायचं आणि पळायचं!" गर्जना झाली, आजी-नात किंचाळत बाहेर पळाल्या, आणि पाठोपाठ सगळी पोरं किंचाळत क्लबभर धावली. एफी गोल फिरून परत आली. "आणखी एकदा!" तोवर छत्रीसाठी रांग लागली होती. नेरिसने कपाळावर हात मारला, पण हसत होती.

"आई?"

दारात कर्स्टी उभी होती. केस विस्कटलेले, गालावर वळ. जाग आली, पोरगी काय करतेय बघावं म्हणून आली होती. कधीची उभी होती कोण जाणे.

एनिड दचकली. "तू का उठलीस? जा, झोप जा. काही झालेलं नाही."

"आई, तुला भीती वाटते?"

एनिडने तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय, ते वाक्य ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. पण नात बोट धरून वर बघत होती.

"वाटते," एनिड म्हणाली.

कर्स्टी तिथेच दाराच्या चौकटीला टेकली. "मला रोज वाटते," ती म्हणाली. "आल्बी झाल्यापासून. त्या दिवशी गाडीत पोरं उठतील म्हणून नव्हते बसले मी. दोघांना घेऊन घरात एकटीने जायचीच भीती वाटत होती. वाटत होतं, मला जमणार नाही, माझ्या हातून काहीतरी होईल."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुला कसं बोलू? तू कशालाच भीत नाहीस."

माझ्या त्या खमक्या भावजयीने छत्री भिंतीला लावली आणि लेकीला मिठीत घेतलं. कर्स्टी रडायला लागली आणि एनिडही. आणि मी खुर्चीत अडकलेली! उठून जाताही येईना, म्हणून तिथूनच रडले.

एफी आईचा फ्रॉक ओढत होती. "आई, तू पण घाबरतेस? मग ये ना. ही घे छत्री. सोप्पंय."

एनिडने पर्समधला फोन लेकीला दिला नाही तो नाहीच. पण उरलेले दिवस दोघी मायलेकी डेकवर खुर्च्या जोडून बसायच्या आणि कर्स्टी बोलत राहायची. मी जवळ गेले की एनिड हातानेच 'नंतर ये' म्हणायची. बोलता बोलता कर्स्टी झोपून जायची, तरी एनिड हलायची नाही. घरी परतल्यावर कर्स्टी डॉक्टरांकडे गेली, एनिड बरोबर. आता हळूहळू बरं आहे. एनिड आठवड्यातले तीन दिवस तिच्याकडे असते, आणि कर्स्टी गाडी थांबली की पोरांना घेऊन सरळ घरात जाते.

मागच्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बाहेर बाकावर बसले होते, पर्सची चेन उघडझाक करत. एनिड शेजारी. आता म्हणेल, आता म्हणेल, म्हणून वाट बघत होते. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "विनी, मलाही भीती वाटतेय गं."

काय सांगू, माझी भीती तिथेच विरघळली. मग लक्षात आलं, बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना ही बया माझी लांब छत्री घेऊन आली होती.

"ही कशाला आणलीस?"

"असू दे," एनिड म्हणाली. "फारच वाटलं तर दोघी पळू."